एका गाडीत बसलं की भांडण ठरलेलं

“मॅडम, लोकं देवाला जाऊन येतात तर तोंडावर तेज असतं. आम्ही तुळजापूरहून आलोत तर तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.” लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसल्या बसल्या ताईंनी हे सांगून टाकलं. मग मूळ प्रश्न आला. महिन्यातून दोन-तीनदा तरी तो मला कुणी ना कुणी विचारतंच: “आमच्याच घरात काहीतरी बिघडलंय का?”

(ओळख पटू नये म्हणून घराचे तपशील बदललेत. भांडणं जशीच्या तशी ठेवलीत.)

जुन्या जीपमध्ये सहा जण. स्टिअरिंगवर नवरा, त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. शेजारी सासरे, आप्पा, शुगर असलेले. मागं ताई, नऊ वर्षांची मुलगी, डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दुसऱ्यांदा देऊन बसलेला मुलगा आणि ताईंचा धाकटा भाऊ. या भावानं दीड वर्षापूर्वी जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. तेव्हापासून तो बहिणीकडेच राहतो आणि घरात त्या विषयावर चकार शब्द निघत नाही.

औसा मागं पडेपर्यंत खिडकीवरून झालं. उजनी आली तशी आप्पांनी बासुंदीसाठी गाडी थांबवायला लावली. नवरा म्हणाला, शुगर किती आहे माहितीये का. आप्पा म्हणाले, तुझ्या बापाला वाटीभर बासुंदी जड झाली व्हय. त्यातून गाडी कुठून कुठं वळली कोण जाणे, 720 पैकी किती पडले यावर विषय आला. मुलगा चार महिन्यांपासून बापाशी बोलतच नव्हता, त्यानं कानात हेडफोन खुपसले. तेवढ्यात लहानगीनं विचारलं, “मामा, तुला खरंच मरायचं होतं का?” ताईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. पुढं तुळजापूर येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही.

मी विचारलं, “सकाळपासून तुम्ही पाणी किती प्यायला होतात?”

“दोन घोट. रस्त्यात बाईमाणसानं जायचं कुठं?”

हे मी हमखास विचारते. डोकं दुखतंय, पोटात काही नाही, आप्पांची जेवणाची वेळ टळलेली, वर एप्रिलचं ऊन. यातली निम्मी भांडणं पाण्याची आणि भाकरीची असतात, त्यावर नाव मात्र नात्याचं लागतं. आणखी एक. घरी प्रत्येकाला आपापला कोपरा असतो: आप्पांची ओसरी, नवऱ्याचं दुकान, पोराची माडीवरची खोली. जीपला कोपरे नसतात. जे वर्षभर घरात इकडंतिकडं सांडलेलं असतं, ते तिथं एका पाटीत गोळा होतं.

“मग परत कसे आलात?” मी सहज विचारलं.

“कसं म्हणजे? परत निघताना गाडीचा सेल्फच घेईना. धक्का मारला.”

“कुणी?”

“सगळ्यांनीच. हे स्टिअरिंगवर. मागून भाऊ आणि पोरगं. मी पण. आप्पा नुसतेच ओरडायलेत, जोर लावा म्हणून. पोरगंच म्हणालं, पप्पा, दुसऱ्यात टाका, आता क्लच सोडा!” ताई बोलता बोलता थांबल्या. “अगंबाई. ह्यांनाच म्हणाला की तो.”

अर्धा तास ऐकलेल्या कहाणीत हे कुठंच नव्हतं. भांडण सांगायचं लक्षात राहतं, धक्का सांगायचा राहून जातो.

मग मी त्यांना एका सिनेमाची गोष्ट सांगितली. 2006 सालचा अमेरिकन विनोदी सिनेमा, ‘लिटल मिस सनशाईन’. बघा म्हणून नाही सांगितलं. पूर्वी एका घराला तो बघायला सांगितला होता, तर त्यातला आजोबा गर्द ओढतो आणि तोंडाला येईल ते बोलतो हे बघून घरातल्या आजींनी टीव्हीच बंद केला. चूक माझीच. आता मी तोंडीच सांगते.

सात वर्षांच्या मुलीला सौंदर्यस्पर्धेला न्यायचं म्हणून एक कुटुंब पिवळ्या जुनाट व्हॅनमधून न्यू मेक्सिकोहून कॅलिफोर्नियाला निघतं. बाप ‘जिंकण्याच्या नऊ पायऱ्या’ विकतो, पण त्या कुणी घेत नाही. भाऊ पायलट व्हायचं म्हणून मौन धरून बसलाय. मामा आत्महत्येच्या प्रयत्नातून नुकताच वाचलाय. वाटेत व्हॅनचा क्लच जातो. मग दरवेळी सगळ्यांनी ढकलायचं आणि चालत्या गाडीत एकेकानं उडी मारून चढायचं.

ताई पदराआड हसल्या. “आमचीच जीप की.”

त्यात एक प्रसंग आहे. भावाला रंगांधळेपणा असल्याचं गाडीतच कळतं, म्हणजे पायलट होणं संपलं. तो गाडीतून उतरून माळावर जाऊन ओरडतो, घरच्यांना नाही नाही ते बोलतो. आई समजवायला जाते, उपयोग होत नाही. मग धाकटी जाते, शेजारी बसते आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवते. एक शब्द बोलत नाही. तो उठून येतो. या प्रसंगाला मी स्वतःच दरवेळी रडते, ते जाऊ द्या.

पुढच्या वेळी नवरेही आले. चौकाचौकात टॉपरचे फोटो लागणाऱ्या आमच्या लातूरमध्ये पोराला निकालाचं विचारू नका म्हणणं म्हणजे पावसाळ्यात शेताकडं बघू नका म्हणण्यासारखं. म्हणून एवढंच ठरवलं: गाडीत आणि ताटावर मार्कांचं नाव काढायचं नाही, बाकी दिवस मोकळा आहे. आणि धपाट्याबद्दल मी जरा स्पष्ट बोलले. लेकरानं जे विचारलं ते मोठ्यांनी दीड वर्षापूर्वीच विचारायला हवं होतं. स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसाला तसं सरळ विचारल्यानं विचार वाढत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलणं मोकळं होतं. भावाला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्रीबेरात्री वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर त्याच्या फोनमध्ये माझ्यासमोर टाकायला लावला. सिनेमातल्या मामाला व्हॅनमध्ये बरं वाटलं म्हणून आपण जीपवर भरवसा ठेवायचा नसतो.

घरात मारहाण असेल, कुणाला भीती वाटत असेल, तर माझं उत्तर वेगळं असतं. इथं तसं नव्हतं.

दिवाळीनंतर ताई एकट्याच आल्या. सगळे परळीला जाऊन आले होते. पाण्याची बाटली प्यायले, दर तासाला थांबले, भांडण फक्त खिडकीवरून. पोरगं बापाशी बोलतंय, थोडं थोडं. मामा आणि भाची मागच्या सीटवर भेंड्या खेळत होते.

“आणि गाडी?”

“ह्यांनी नवा सेल्फ टाकला. धक्का मारायची वेळच आली नाही.” पर्स उचलत त्या म्हणाल्या, “जरा चुकल्यासारखंच वाटलं बघा.”