कर्करोग स्तनाचा, मग गाठ मेंदूत कशी तगली?

प्रश्न: आईची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो दोन वर्षांपूर्वी झाली. यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी उठल्याबरोबर तिचं डोकं दुखायचं, उलटी व्हायची. ऊन लागलं समजून अंगावर काढलं. एमआरआयमध्ये मेंदूत दोन गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणतात, मेंदूतल्याच पेशी गाठीला साथ देतात. हे कसं? मेंदूची सूज उतरवायला दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइड गोळीनं पोटात जळजळ होते, बंद केली तर चालेल?
— एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर: आधी गोळीचं. ती एकदम बंद करू नका. काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. मध्येच सोडली तर रक्तदाब उतरतो, मेंदूची सूज परत चढते. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील. गोळी जेवणानंतर द्या, शेवटचा डोस शक्यतो दुपारीच, नाहीतर रात्रभर झोप येत नाही. जळजळीसाठी वेगळी गोळी मागा. मधुमेह नसला तरी साखर वाढू शकते, ती तपासत राहा.

आता पेशींचं. चेतापेशींना आधार देणाऱ्या, ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी सुरुवातीला आपल्याच बाजूनं असतात. त्यांच्यामुळे प्लाझ्मिन नावाचं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम तयार होतं. ते स्तनातून रक्तावाटे आलेल्या कर्कपेशींना केशवाहिनीला चिकटू देत नाही, मारतंही. म्हणून मेंदूत शिरलेल्या बहुतेक कर्कपेशी तिथेच संपतात. सर्पिन नावाची प्रथिनं बनवून प्लाझ्मिन अडवणाऱ्या थोड्या तेवढ्या वाचतात.

खरी अडचण इथून पुढे. वाचलेली कर्कपेशी शेजारच्या ॲस्ट्रोसाइटला कनेक्सिन 43 या प्रथिनाच्या बारीक नळ्यांनी जोडून घेते आणि त्यातून सीगॅम्प नावाचा रेणू पलीकडे सोडते. ॲस्ट्रोसाइटला तो धोक्याचा इशारा वाटतो. ती इंटरफेरॉन आणि टीएनएफ ही इशारा देणारी प्रथिनं सोडते, आणि त्यावरच गाठ वाढते, केमोलाही दाद देत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांतलं हे काम 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातच मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत बरीच औषधं आत जाऊ देत नाही. केमो पूर्ण होऊनही डोक्यात गाठ निघते ती यामुळे. आईच्या उपचारात कसूर झाली असं मनात आणू नका.

गाठी दोनच असतील तर नेमक्या गाठीवर रेडिएशनचा शेक देता येईल का, हे विचारा. शस्त्रक्रियेच्या वेळचा हर-टू (कर्कपेशीवरच्या एका प्रथिनाच्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत न्या. तो पॉझिटिव्ह असेल तर टुकॅटिनिबसारखी मेंदूपर्यंत पोचणारी औषधं आहेत.

फिटचा झटका आला तर कुशीवर वळवा. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. घड्याळ बघा: पाच मिनिटांत थांबला नाही तर 108 ला फोन करा.