बेळगावात दूध-दही-तूप सोडून निभतं का?

प्रश्न: "जूनमध्ये बदलीवर पुण्याहून बेळगावला येतोय. तीन वर्षांपासून व्हीगन आहे, म्हणजे दूध, दही, तूप, मध काहीच घेत नाही. घरी करून खाणं आणि बाहेर जेवणं, दोन्ही तिकडे जमेल का? टोफू, ओट मिल्क वगैरे मिळतं का?"

निभतं. मी शहापुरात राहतो आणि मला दूध सोडून सात वर्षं झाली. टोफू, ओट मिल्क मोठ्या सुपरमार्केटात मिळतं. कधी असतं, कधी नसतं. पण त्यांच्या भरवशावर इथे राहायला आलात तर महिन्याभरात कंटाळाल, आणि खिशाला चाट बसेल ती वेगळीच. त्यांची फारशी गरजही नाही. या भागातलं रोजचं जेवण शेंगदाणे, कडधान्यं आणि तेल यांच्यावर उभं आहे. शिजताना त्यात दूध-तूप क्वचितच पडतं. ते येतं ताट वाढताना. भाकरीवर लोणी, चटणीवर दही, भातावर तुपाची धार. त्यामुळे स्वयंपाक फारसा बदलावा लागत नाही, वाढणाऱ्याचा हात तेवढा वेळेवर धरावा लागतो. आमच्याकडे हेच अवघड आहे, कारण तुपाला नको म्हणणं म्हणजे वाढणाऱ्यालाच नको म्हणण्यासारखं.

बाहेरचं आधी सांगतो, कारण खोली लागेपर्यंत तुम्हाला तेच लागणार. आल्या आल्या एक लिंगायत खानावळ गाठा. बेळगाव असो, गोकाक असो की बैलहोंगल, अशी खानावळ सापडतेच. ताटात ज्वारीची भाकरी, कडक हवी की मऊ ते विचारतात. दोन भाज्या, त्यातली एक बहुतेक वेळा मोड आलेल्या कडधान्याची. बाजूला कच्ची मेथी, मुळा, कांद्याची पात. ही पानं भाकरीबरोबर नुसती चावून खायची असतात, सजावट समजून बाजूला सारू नका. आणि नशीब चांगलं असेल तर एण्णेगायी. कोवळी काटेरी वांगी देठ ठेवून चिरतात, आत शेंगदाणे, तीळ, कारळे, चिंच-गूळ आणि मसाला भरतात आणि झाकण ठेवून तेलात मुरवतात. कडेनं तेल सुटून लालसर तवंग आला की वांगी झाली. एवढ्या ताटात प्राणिजन्य काही नाही. दह्याची वाटी तेवढी परत करायची.

मग चटणी कालवायची कशात, हा प्रश्न मलाही पडला होता. शेंगा, कारळे, जवस, तिन्ही चटण्या कोरड्या असतात आणि लोक त्यावर दही घेतात. मी कच्चं करडीचं तेल घेतो. आमचे आजोबा तसंच खायचे. त्यांना कुणी व्हीगन म्हटलं नाही.

भाषेचं म्हणाल तर शहरात मराठीवर भागतं. पण निरोप आतल्या भटारखान्यापर्यंत नीट पोचवायचा असेल तर दोन-चार शब्द कानडीचे पाठ करा. दूध म्हणजे हाल, दही मोसरु, तूप तुप्प, ताक मज्जिगी. "नको" याला इकडच्या बोलीत "ब्याड्री". "तुप्प हाकब्याड्री", तूप घालू नका. इथपर्यंत सोपं आहे. खरा घोळ पुढच्या जोडीत आहे: तेलाला एण्णी, लोण्याला बेण्णी.

पहिल्या वर्षी मी एका हॉटेलात ऐटीत सांगितलं, "दोशी, एण्णी हाकि कोड्री." तेल घालून द्या. भांड्यांचा खणखणाट, सकाळची गर्दी. पोऱ्यानं बेण्णी ऐकलं. दोशावर लिंबाएवढा पांढरा गोळा वितळत वितळत माझ्यापुढे आला. मी मान हलवून "एण्णी, एण्णी" म्हटलं. तो आत गेला आणि आणखी एक गोळा घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक होतं की रागावणार कुणावर? तेव्हापासून काय हवं ते मी सांगतच नाही, काय नको ते सांगतो. "बेण्णी ब्याड्री, तुप्प ब्याड्री." यात ऐकण्याची चूक झाली तरी फार तर दोशा कोरडा येतो.

उडुपी हॉटेलांत साधी इडली, वडा, सांबार बिनधास्त खा. रवा इडलीत दही असतं. उप्पिटात आणि बिसीबेळेभातात तूप पडण्याची शक्यता बरीच, शिऱ्याचं तर विचारूच नका. खोबऱ्याच्या चटणीत काही ठिकाणी दही घालतात. रंग नेहमीपेक्षा जास्तच पांढरा आणि चव आंबट लागली तर विचारा. पंजाबी म्हणवणाऱ्या हॉटेलांत मी शक्यतो जात नाही. मित्रांनी ओढून नेलंच तर तंदुरी रोटी कोरी आणि डाळ तेलात फोडणी देऊन मागतो. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं, हे मला दोन वर्षं नान खाल्ल्यावर कळलं.

बेकरीत "एगलेस" या शब्दावर जाऊ नका. अंडं काढलं की दूध पावडर किंवा आटवलेलं दूध त्याची जागा घेतं. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही तुमच्या कामाचा नाही, तो दूध आणि मध दोन्हींना चालतो. व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम काढले आणि हिरव्या रंगातलं पान फुटलेल्या व्हीचं चिन्ह ठरवलं, पण गल्लीतल्या दुकानात ते फारसं दिसत नाही. घटकांच्या यादीत शेवटी ठळक अक्षरांत दूध आहे का ते बघणं, हाच माझा रोजचा उपाय. साध्या बिस्किटांतही ते निघतं.

आता चहा. यावर मला जरा जास्त बोलायचंय. बेळगावात माणूस भेटला की "चहा घेऊया की" हे वाक्य येतंच, आणि नाही म्हणालात की समोरचा विचारात पडतो, याचं आपल्याशी काही बिनसलंय काय? ऑफिसात पहिल्या आठवड्यात हे तुमच्याशी होणार. टपरीवर कोरा चहा मागितला तर बहुतेक ठिकाणी करून देतात, फक्त दूध पडण्याआधी सांगायला हवं, कारण बऱ्याच ठिकाणी एकाच पातेल्यात सगळं उकळत असतं. लिंबू असेल तर उत्तम. हॉटेलात "कषाय" लिहिलेलं दिसलं की आपल्याकडचा काढा समजून मागवू नका; धने-जिऱ्याचा असला तरी तो दुधात करतात. घरी मी गवती चहा आणि आलं टाकून कोरा करतो. पाहुणे पहिल्यांदा नाक मुरडतात आणि दुसऱ्यांदा मागून घेतात. सगळे नाही, खरं सांगायचं तर दोघंच.

कारण काय सांगायचं, हेही आधीच ठरवून ठेवा. मी सुरुवातीला "पोटाला चालत नाही" असं ठोकून द्यायचो. त्यावर लोक औषधं सांगतात. एकानं तर देशी गाईचं तूप चालतंच म्हणून डबा घरी आणून दिला. "व्हीगन" म्हटलं तर निम्म्यांना कळत नाही. आता सरळ सांगतो, "दुधाचं काही खात नाही, बाकी सगळं वाढा." खानापूर तालुक्यात मामाचं घर आहे, तिथे मामीनं विचारलं होतं, "माळ घातलास काय रे?" माळकरी मटण सोडतो, तूप नाही, हे तिच्या लक्षात आल्यावर ती आणखीच गोंधळली. "मग खाऊलालास तरी काय?"

मी तिला सांगितलं की हे तुझ्याच गोठ्यातून सुरू झालंय. लहानपणी सुट्टीत मी तिथेच असायचो. म्हशीला रेडी झाली की घरात आनंद, आणि रेडकू झालं तर दोन-चार आठवड्यांनी गोठ्यातली त्याची जागा रिकामी. कुठे गेलं ते विचारायचं नाही. मामी गप्प बसली. वाद घातला नाही, पटलं असंही म्हणाली नाही. मात्र आता मी गेलो की आमटीला तेलाची फोडणी देते आणि पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, "ह्याच्या भातावर तूप नको, ह्याचं वेगळं हाय."

घरी करायच्या गोष्टींत दोनच अशा आहेत ज्यांनी माझं खरोखर भागवलं.

पहिली आंबील. लोक ताक घालून करतात, पण त्याची गरज नाही. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी आपोआप आंबतं. तीन वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात ते ओता, गुठळी होऊ न देता शिजवा, मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण घाला. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या शंभर मिलिलीटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम. "दूध नाही तर हाडं कशी?" असं विचारणाऱ्या काकांसाठी हे आकडे पाठ ठेवा. आपण दिवसाला शंभर ग्रॅम नाचणी खात नाही, हे त्यांच्या लक्षात यायच्या आत विषय बदला आणि तीळही खात जा.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याचं दही. वाटीभर दाणे सहा-सात तास भिजवून सालं काढायची, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून फडक्यातून गाळायचं. ते दूध मंद आचेवर ढवळत उकळायचं, नाहीतर तळाला लागतं आणि अख्ख्या घरभर वास फिरतो. कोमट झालं की पाच-सहा हिरव्या मिरच्यांची देठं धुऊन त्यात टाकायची आणि रात्रभर हलवायचं नाही. पहिलं दही पातळच लागतं. त्यातलं चमचाभर विरजण लावून केलेलं दुसरं बरं होतं. चव? दाण्याची लागते, उगीच खोटं कशाला सांगू. दहीभाताला मला ते कधीच आवडलं नाही. पण कढी आणि कोशिंबीर यात ते खपून जातं, कढी फक्त जोरात उकळायची नाही. जेवणानंतर ताकाची सवय असेल तर सोलकढी करा. कोकम आंबोली घाटाखालून येतं आणि इथल्या बाजारात सहज मिळतं.

गोडाचं दुःख मात्र आहे. कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच, मांड्यांत तूप, तेव्हा बेळगावचं नाव ज्यांनी झालं ती दोन्ही गोडं तुमच्यासाठी बंद. गोकाकचा करदंट जवळपास येतो: गूळ, डिंक, सुकं खोबरं, खारीक, बदाम, काजू. अडतं ते डिंक तळण्यापाशी, तो तुपात तळतात. मी दिवाळीत घरी तेलात तळून करतो. वास वेगळा येतो, पण दाताखाली तोच कुरकुरीतपणा. संक्रांतीला मात्र काहीच सोडावं लागत नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, तेलावर भाजलेली शेंगाची पोळी.

बी-१२ ची गोळी घेत नसाल तर इथे येण्याआधी सुरू करा. वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे नगण्य, पण ती भरून निघाली नाही तर नसांवर परिणाम होतो. मी दीड वर्ष "आजोबांना कुठे गोळ्या होत्या" म्हणत टाळलं. आजोबा दही खायचे आणि यात्रेला मटणही, हे सोयीनं विसरलो होतो. पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्यावर तपासणी केली. डॉक्टर काय बोलले ते इथे लिहीत नाही. एकदा रक्त तपासून घ्या आणि डोस डॉक्टरांनाच विचारा.

एक गमतीची गोष्ट. "व्हीगन" हा शब्द इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या साथीदारांनी १९४४ मध्ये काढला आणि १ नोव्हेंबरला जागतिक व्हीगन दिन असतो. बेळगावात त्याच दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. तेव्हा त्या दिवशी बाहेर जेवायचा बेत करू नका. बरीच दुकानं बंद असतात. आदल्या दिवशी वांगी आणून ठेवा.

आणि जूनमध्ये येताय म्हणून सांगतो. इथला पाऊस पुण्यासारखा नाही, लागला की आठ-आठ दिवस थांबत नाही आणि घरात गारठा भरतो. त्या दिवसांत शेंगदाण्याचं दही रात्रभरात लागणार नाही. भांडं टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाकण उघडून बघू नका.