बाबांचं विमान ब्रह्मदेशात लढलं होतं का?

प्रश्न : माझे बाबा हवाई दलात फिटर होते. १९५९ ते १९६७ ते लोहगावला होते. मागच्या दिवाळीत माळा आवरताना त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. चार इंजिनांचं, मागे दोन उभ्या शेपट्या असलेलं अवाढव्य विमान आणि पंखाच्या सावलीत डबा खात बसलेले बाबा. शेपटीजवळ ‘एचई’ एवढी अक्षरं दिसतात, पुढचा कोपरा वाळवीनं खाल्ला आहे. ‘हे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलंय, इंग्रजांनी मोडलं, आपण जोडलं,’ असं बाबा सांगायचे आणि आम्ही भावंडं ते हसण्यावारी न्यायचो. आता बाबा नाहीत. ते सांगायचे ते खरं होतं का? त्या विमानात लढलेल्या माणसांचं काय झालं? आणि ते आता कुठे असेल?
– एक वाचक, धानोरी

उत्तर : ताई, आधी तो फोटो वाळवीपासून सोडवा. ट्रंकेत परत ठेवू नका.

‘इंग्रजांनी मोडलं, आपण जोडलं’ हे तुमच्या बाबांचं वाक्य शब्दशः खरं आहे. ‘ब्रह्मदेशात लढलं’ याचं उत्तर मात्र एकेका विमानाचं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

हे बी-२४ लिबरेटर. मी १९६६ साली इंजिन फिटर म्हणून लोहगावला रुजू झालो आणि पहिल्या दिवशी मला याच विमानाच्या प्रोपेलरपाशी उभं केलं. प्रत्येक पंखावर दोन अशी चार प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं, एकेकाला गोलात बसवलेले १४ सिलिंडर. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच चालू केलं तर आतला दांडा वाकतो. म्हणून पहाटे आम्ही दोघे-तिघे मिळून प्रोपेलरची पाती हातानं ओढून फिरवायचो. डिसेंबरात लोहगावच्या माळावर ती पाती बर्फासारखी गार लागायची. तुमच्या बाबांनीही ती ओढली असणार, कारण त्यातून कुणाची सुटका नव्हती.

विमान अमेरिकेचं, कन्सॉलिडेटेड कंपनीचं. पहिलं उड्डाण २९ डिसेंबर १९३९ चं. युद्ध संपेपर्यंत अशी १८ हजारांहून जास्त बांधली गेली, आणि फोर्डच्या विलो रन कारखान्यातून ऐन भरात तासाला एक बाहेर पडत होतं. पंख टोकापासून टोकापर्यंत ११० फूट, लांब आणि अरुंद. त्या पंखामुळेच ते इतक्या लांबचा पल्ला गाठायचं.

आता माणसांचं. ब्रह्मदेशावर जाणाऱ्या लिबरेटरमध्ये साधारण आठ ते अकरा जण असत : वैमानिक, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेस ऑपरेटर आणि मशिनगनवरचे गनर. पुढून मागे जायचं तर बॉम्ब टांगलेल्या कप्प्यातून जेमतेम नऊ इंचांच्या पट्टीवरून चालावं लागे. मी त्या पट्टीवरून रोज ये-जा केली, पण जमिनीवर, दिवसाउजेडी, हातात स्पॅनर घेऊन. रात्रीच्या अंधारात, हेलकावे खात, अंगावर हवाई छत्रीचा पट्टा घेऊन तिथून जाणाऱ्या विशी-बाविशीतल्या पोरांचा विचार आला की माझे पाय आजही जड होतात. दुसरी गोष्ट पेट्रोलची. या विमानात पेट्रोल झिरपायचं आणि वास कप्प्यात कोंडायचा. युद्धातले कर्मचारी उडताना बॉम्ब कप्प्याचे दरवाजे थोडे उघडे ठेवत, वास बाहेर जावा म्हणून. आमचे सार्जंट दार उघडलं की आधी नाक आत घालायचे, मग पाय.

पाण्यात उतरावं लागलं तर या विमानात वाचणं कठीण होतं. पंख धडाच्या वरच्या अंगाला, आणि बॉम्ब कप्प्याचे गुंडाळून वर जाणारे दरवाजे पातळ. पाण्याचा मार बसला की ते आत येत आणि धड मधोमध तुटे. बंगालच्या उपसागरावरून हजार-हजार मैल जाणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. वर पावसाळ्यातले काळे ढग. त्यांनीही बरीच विमानं नेली.

ब्रिटिश हवाई दलाची १५९ क्रमांकाची स्क्वाड्रन बंगालात मेदिनीपूरकडच्या सालबनी आणि डिग्री या तळांवर होती. तिचे प्रमुख विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांचं काम मला फिटर म्हणून फार मोठं वाटतं. त्यांच्या आधी ११०० मैलांवरच्या लक्ष्यासाठी ३००० पौंड बॉम्ब ही मर्यादा धरली जायची. ब्लॅकबर्न यांनी इंजिनं कशी चालवली की पेट्रोल किती लागतं, याचे प्रयोग केले, विमानातलं नको ते वजन उतरवलं आणि तोच बोजा ८००० पौंडांवर नेला. नवं यंत्र आणलं नाही, असलेलंच नीट ऐकलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये या स्क्वाड्रनच्या १५ लिबरेटर मलायातल्या पेनांग बंदरात सुरुंग टाकायला गेल्या. जाऊन-येऊन ३००० मैलांच्या वर. सगळ्या परत आल्या.

सगळे दिवस तसे नव्हते. ३१ जानेवारी १९४५ ला याच स्क्वाड्रनची केएच २१० नंबरची लिबरेटर ब्रह्मदेशात पडली. हवाई छत्रीनं उतरलेल्यांना जपान्यांनी पकडलं. त्यांत स्टॅन्ली जेम्स वुडब्रिज हा वायरलेस ऑपरेटर होता, २३ वर्षांचा. संदेशांची सांकेतिक लिपी आणि वायरलेसची माहिती त्याच्याकडे आहे हे ओळखून त्याचे अनन्वित हाल केले. त्यानं काहीही सांगितलं नाही. ७ फेब्रुवारीला त्याचा आणि त्याच्या तिघा साथीदारांचा शिरच्छेद झाला. १९४८ मध्ये त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिशांचा मोठा शौर्य सन्मान जाहीर झाला. त्याची कबर रंगूनच्या युद्ध स्मशानभूमीत आहे. पुण्यातले लोक असल्या नावांसाठी खडकीच्या स्मशानभूमीत जातात. पण ज्यांना कबरसुद्धा मिळाली नाही अशा, पूर्वेकडे बेपत्ता झालेल्या हवाई सैनिकांची नावं सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर कोरली आहेत.

आता मोडतोडीकडे. ही विमानं अमेरिकेनं ब्रिटिशांना लेंड-लीज कराराखाली दिलेली. युद्ध संपल्यावर ती परत करायची, विकत घ्यायची किंवा निकामी करायची, अशी अट. शेकड्यांनी विमानं कानपूरला उभी होती. जाताना ती पुन्हा उडू नयेत म्हणून इंग्रजांनी त्यांचे पत्रे फाडले, आतली उपकरणं फोडली, आणि ती पावसात सोडून दिली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बर हवी होती आणि बाहेरून घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कंपनीच्या माणसांनी त्या ढिगातून बरी बरी विमानं निवडली, एकाचा भाग दुसऱ्याला लावला आणि ती जेमतेम उडण्याजोगी केली. मग जमशेद मुन्शी या त्यांच्या वैमानिकानं ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली, एक नाही, ४२. पुरी दुरुस्ती तिकडे झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावरच आपली ५ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. मी काम केलेल्या एका विमानाच्या मागच्या धडावर रंगाखाली हात फिरवला की ठिगळांचे रिव्हेट बोटाला लागायचे. कुठल्या तरी कारागिरानं ते इतके सरळ ओळीत ठोकले होते की कौतुक वाटायचं.

६ क्रमांकाची स्क्वाड्रन जानेवारी १९५१ मध्ये इथे पुण्यातच पुन्हा उभी राहिली, समुद्रावर पहारा ठेवण्यासाठी. तुमचे बाबा तिथेच असणार. डिसेंबर १९६८ ला तिच्या लिबरेटर निवृत्त झाल्या. तोवर जगातल्या बाकी हवाई दलांनी त्या कधीच काढल्या होत्या.

तर ‘लढलं होतं का?’ कानपूरला उरलेली बरीचशी विमानं युद्धाच्या शेवटच्या वर्षात बांधलेली होती. काहींना मोहिमा मिळाल्या, काही पोचेपर्यंत युद्ध आटोपत आलं होतं. तुमच्या फोटोतलं ‘एचई’ म्हणजे आपल्या हवाई दलातल्या नंबराची सुरुवात. उदाहरणार्थ, आपलं एचई ८०७ हे पूर्वी ब्रिटिशांचं केएन ७५१, ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधलं. ते १९४५ मध्ये हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर होतं, ब्रह्मदेशात नव्हे. म्हणून नेमकं उत्तर नंबरात आहे.

आणि यातली काही आजही उभी आहेत. एचई ८०७ हे १९७४ मध्ये इंग्लंडच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला दिलं. एचई ७७३ कॅनडाला ओटावाच्या संग्रहालयात गेलं, त्याच्या बदल्यात आपल्याला लायसँडर जातीचं विमान मिळालं. एचई ८७७ हे १९६९ मध्ये भारतातून उडत अमेरिकेत टूसॉनला पोचलं. हे पूर्वीचं केएच ३०४, म्हणजे वुडब्रिजच्या विमानाच्याच केएच मालिकेतलं. एचई ९२४ दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे, तिकडे गेलात तर जरूर पाहा. अमेरिकेत उडत्या स्थितीत आणलेली एक लिबरेटरही आपल्याकडूनच गेली. जगात शाबूत राहिलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी इतक्या आपल्या हवाई दलातून गेल्या, कारण आपण त्या सर्वांत शेवटपर्यंत चालवल्या, आणि चालत्या ठेवल्या त्या तुमच्या बाबांसारख्यांनी.

फोटो एखाद्या चांगल्या स्टुडिओत मोठ्या आकारात स्कॅन करून घ्या आणि पंखाखालची बाजू नीट पाहा. नंबर तिथेही रंगवलेला असे. फोटोच्या मागे तारीख किंवा शिक्का आहे का तेही बघा. १९६६-६७ चं जवळजवळ वर्षभर तुमचे बाबा आणि मी एकाच तळावर होतो. त्यांचं नाव मासिकाच्या पत्त्यावर कळवा. पंखाच्या त्या सावलीत जेवायला आम्ही सगळेच बसायचो.