हॉलमधली गादी

"मॅडम, दहा महिने झाले, हे हॉलमध्ये गादी टाकून झोपतात. मी नकोशी झाले असेन का हो त्यांना?"

ताईंनी हे विचारलं ते पाऊण तास बोलून झाल्यावर, पर्स उचलता उचलता. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांतून गेलेल्या बायका हा प्रश्न बहुधा असाच, दाराशी पोचल्यावर विचारतात. कोणी म्हणतं, घरातले फार जपून बोलतात. कोणी म्हणतं, मुलगी जवळ येत नाही. विचारायचं असतं ते एकच. म्हणून या एका घराची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

ताई घणसोलीच्या, वय 46. यजमान वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब बघतात, पहाटेच घर सोडतात. मुलगी बारावीला, सासूबाई सोबत. गाठ मोठी होती म्हणून आधी केमोच्या आठ सायकल, मग डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढण्याचं ऑपरेशन, मग तीन आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन. आता हार्मोनची गोळी रोज, निदान पाच वर्षं.

ठाण्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी त्या एकट्याच यायच्या. पहिल्या दोन भेटी आम्ही शरीराबद्दल बोललो. गेलेले केस, आरसा टाळणं, ब्लाउजमध्ये घालायची कापडाची घडी. ते बोलणं गरजेचं होतंच. पण 'नवऱ्याला किळस वाटत असणार' हे त्यांचं अनुमान मीही नकळत खरं धरून चालले होते. ती माझी चूक. तिसऱ्या भेटीला यजमानांना बोलावलं आणि सरळच विचारलं, तुम्ही बाहेर का झोपता?

ते बायकोकडे न बघता बोलू लागले.

"केमोच्या वेळी सिस्टरनी सांगितलं होतं, पांढऱ्या पेशी उतरतात, इन्फेक्शनला जपा. ताप 100.4 च्या वर गेला तर मध्यरात्र असली तरी घेऊन या. मी दिवसभर मार्केटच्या धुळीत, येताना गर्दीच्या गाडीत. आंघोळ केली तरी मनात यायचं, माझ्यामुळे हिला काही झालं तर? म्हणून गादी बाहेर टाकली."

"आणि केमो संपल्यावर?"

"मग ऑपरेशन झालं. काखेपाशी नळ्या होत्या. मी झोपेत हातपाय टाकतो. मग शेक सुरू झाला, तेव्हा सोसायटीत कोणी म्हणालं, अंगात किरणं राहतात. खरं-खोटं कोणाला विचारणार? आणि आता इतके दिवस झालेत की परत आत कसं जायचं तेच कळत नाही. हिला वाटेल, ह्यांना काहीतरी हवंय म्हणून आले."

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एकदा सांगायचं तरी होतंत."

"तुला भीती वाटली असती."

"आणि मला जे वाटत होतं ते?"

अशा घरांत मला हे पुन्हा पुन्हा दिसतं. पथ्य सुरू होताना सगळ्यांना बजावून सांगितलं जातं. ते संपलं हे सांगायला कोणी येत नाही. ओपीडीतली गर्दी पाहता दोष तरी कोणाला द्यायचा? सासूबाईंनीही केमोच्या वेळी ताईंचं ताट वेगळं केलं होतं, स्वच्छतेसाठीच. ते दहा महिने वेगळंच राहिलं. कॅन्सर ताटा-पेल्यातून कोणाला होत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी ताट तसंच. ताईंना कणीकही मळू देत नव्हते. त्या माझ्यासमोर सर्वांत जास्त रडल्या त्या कणकेवरून.

मी घरच्या सगळ्यांना मिळून एक वही करायला सांगितली. घरात पाळलं जाणारं प्रत्येक पथ्य लिहायचं आणि त्यापुढे कोणी सांगितलं, कशासाठी, कधीपर्यंत. पुढच्या फॉलोअपला ती वही डॉक्टरांपुढे ठेवायची.

निम्म्याहून जास्त ओळींवर काट मारून वही परत आली. मशीनने बाहेरून दिलेल्या शेकाची किरणं अंगात राहत नाहीत, शेजारी झोपायला कसलीच अडचण नाही. डाव्या हाताची काळजी मात्र पुढेही घ्यायची. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हाताला कापू-भाजू द्यायचं नाही, सूज दिसली की दाखवायचं. पण हात वापरायचा, हळूहळू वाढवत. फिजिओथेरपिस्टने कणीक मळायलाही हरकत घेतली नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर मुलीच्या अक्षरात एक ओळ होती. 'मला पण होणार का?' लांब राहण्याचं तिचं कारण ते होतं. आनुवंशिक जनुकदोषामुळे होणारे स्तनाचे कॅन्सर साधारण 5 ते 10 टक्केच असतात. डॉक्टरांनी माहेरची-सासरची माहिती विचारून घेतली आणि जनुकांची तपासणी करायची झाली तर आधी आईची करू, असं मुलीला समोर बसवून सांगितलं.

प्रत्येक घरात कारण इतकं निर्मळ नसतं. नवऱ्याने खरोखर पाठ फिरवलेली घरंही मी पाहिली आहेत. तिथे मग पैसा, माहेर, कामावर परतणं, हे सगळं बोलावं लागतं. पण तेही विचारल्याशिवाय कळत नाही.

या दोघांना मी एवढंच सुचवलं, की पहिला महिना फक्त जवळ झोपायचं, बाकी काही नाही, आणि हे आधीच मोकळेपणाने ठरवून टाकायचं. गोळीमुळे कोरडेपणा येतो, इच्छा कमी होते. त्यावर उपाय आहेत, ते डॉक्टरांना विचारायला लाजायचं नाही.

शेवटच्या भेटीत कळलं, गादी माळ्यावर गेली. गोळीमुळे ताईंच्या अंगातून रात्री वाफा निघतात, पंखा पाचवर लागतो. यजमान दोन चादरी घेऊन झोपतात.

"व्रण अजून दाखवला नाही," ताई म्हणाल्या. "कडी लावूनच कपडे बदलते. परवा ह्यांनी बाहेरून विचारलं, हूक लावायला हात पोचतो का म्हणून."

"मग?"

"पोचतो म्हटलं. पण पोचत नव्हता."