श्रीलंकेत उनावटुनाहून रुमस्सला टेकडीवरच्या बौद्ध स्तूपापर्यंत स्कूटरने जाता येईल का?

हो, आरामात. अंतर जेमतेम काही किलोमीटर आहे आणि डांबरी रस्ता पार वरपर्यंत जातो. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. सांभाळायचं ते खाली, गाले-मातरा मुख्य रस्त्यावर. तिथल्या बसगाड्या अंगावर येतात, त्यामुळे कडेने चला आणि ओव्हरटेकच्या फंदात पडू नका. पाऊस पडून गेला असेल तर उतरताना पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे.

नुसतं भारतीय लायसन्स चालत नाही. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि तिथे गेल्यावर त्याला स्थानिक मान्यता घ्या. स्कूटर भाड्याने देणारा "काही लागत नाही" म्हणेल, पण अपघात झाला तर विम्याचं घोडं तिथेच अडतं.

वरचा पांढराशुभ्र शांतिस्तूप निप्पोनझान म्योहोजी या जपानी पंथाने बांधला. राजगीर आणि धौलीचे शांतिस्तूपही त्यांचेच. हनुमानाने आणलेल्या द्रोणागिरीचा एक तुकडा इथे पडला, अशी रुमस्सलाची लोककथा आहे, त्यामुळे आपल्याला ही टेकडी परकी वाटतच नाही. समोर खाडीपलीकडे गालेचा किल्ला दिसतो.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. दुपारी फरशी तापते, म्हणून चारनंतर जा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात काढू नका, तिथे तो अपमान समजतात. पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, गर्दी जास्त असते.