अमेरिकेत पोर्टवर ट्रक चालवायला ट्विक कार्ड लागतं, जुन्या केसमुळे अडेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, नुकतंच सीडीएल म्हणजे ट्रकसारखी जड वाहनं चालवायचं लायसन काढलंय, न्यू जर्सीहून ह्यूस्टनला आलात, कंटेनरच्या कामासाठी कंपनी ट्विक (TWIC, पोर्टच्या सुरक्षित भागात जायचं ओळखपत्र) मागतेय. 2020 मध्ये तिकडे एका पार्टीत मारामारी झाली तेव्हा अटक झाली होती, नंतर कोर्टाने केस डिसमिस केली. त्याआधी गावी सांगलीकडे ऊसदर आंदोलनात रास्ता रोकोच्या केसमध्ये नाव होतं, तीही मागे घेतली गेली. शिवाय रत्नागिरीचा मावसभाऊ जहाजावर आहे, त्यालाही हे कार्ड लागेल का.

मी ह्यूस्टनलाच कंटेनर ट्रकिंगमध्ये डिस्पॅच म्हणजे गाड्या कुठे पाठवायच्या ते बघतो, त्यामुळे ड्रायव्हर लोकांचं ट्विक हा रोजचाच विषय. मी वकील नाही, तेवढं धरून वाचा.

पहिलं म्हणजे घाबरू नका. तुम्ही सांगितलंय तेवढंच असेल तर कार्ड मिळायला हरकत नसावी. लोकांना वाटतं अटक झाली की संपलं, तसं नसतं, नियम कन्व्हिक्शनबद्दल आहे. म्हंजे गुन्हा कबूल केला किंवा कोर्टाने दोषी ठरवलं तर. नोलो कंटेंडरे म्हणजे 'गुन्हा कबूल नाही पण आरोप लढवत नाही' म्हणून सही केली असेल तर तीपण कन्व्हिक्शनमध्येच धरतात हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं, वकील म्हणाला सही कर, घरी जा, आणि हे घरी गेले. त्यामुळे तुमच्या कागदावर नक्की काय लिहिलंय ते आधी बघा, आठवणीवर जाऊ नका.

ही सगळी भानगड 2001 च्या हल्ल्यानंतरची. 2002 मध्ये सागरी सुरक्षेचा कायदा झाला, कार्डासाठी नोंदणी सुरू झाली 2007 च्या ऑक्टोबरमध्ये डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला, आणि 15 एप्रिल 2009 पासून देशभर सक्तीचं झालं. कार्ड देते टीएसए, तीच विमानतळावर 2025 पर्यंत बूट काढायला लावणारी, आणि पोर्टवर अंमलबजावणी बघतं कोस्ट गार्ड. ट्रकवाले, डॉकवरचे कामगार, अमेरिकन लायसनवाले खलाशी, ह्यूस्टनच्या जहाजांच्या चॅनलच्या काठावरच्या रिफायनरीत काम करणारे वेल्डरसुद्धा, ज्याला सुरक्षित भागात एकट्याने फिरायचंय त्या सगळ्यांना लागतं. कार्ड नसेल तर कार्डवाल्या माणसाने एस्कॉर्ट करायचं, आणि कंटेनर ड्रायव्हरला रोज कोण एस्कॉर्ट देणार, म्हणून कंपनी आधी कार्ड मागते.

तपासणी चार गोष्टींची होते. बोटांच्या ठशांवरून एफबीआयचं रेकॉर्ड, इमिग्रेशन स्टेटस, दहशतवादाच्या याद्या आणि इंटरपोलसारखे डेटाबेस, आणि कोर्टाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलंय का किंवा सक्तीने हॉस्पिटलात ठेवलं होतं का ते.

आता गुन्ह्यांचं. दोन याद्या आहेत. एक कायमची, हेरगिरी, देशद्रोह, दहशतवाद, खून, स्फोटकं, बॉम्बच्या धमक्या, असल्या गोष्टी. यात कितीही वर्षं गेली तरी ते मोजतातच, काहींना माफीचा अर्ज करता येतो पण हेरगिरी-देशद्रोह-दहशतवादाला तोही नाही. दुसरी यादी मुदतीची, त्यात फेलनी लेव्हलचे म्हणजे गंभीर गुन्हे येतात, बंदुकीचे, खंडणी, लाच, स्मगलिंग, दरोडा, आग लावणं, अपहरण, बलात्कार, ठार मारण्याच्या इराद्याने हल्ला, ड्रग्ज विकणं किंवा विकण्यासाठी बाळगणं. अर्जाच्या आधीच्या 7 वर्षांत कन्व्हिक्शन झालं असेल किंवा 5 वर्षांच्या आत जेलमधून सुटला असाल तर अडतं. साधी दारू पिऊन गाडी चालवण्याची केस या यादीत नाही, स्वतःपुरता गांजा सापडला तेही नाही. तुमची मारामारी डिसमिस नसती झाली, साध्या हाणामारीत कन्व्हिक्शन झालं असतं तरी ती यादीतली गोष्ट नव्हती, इराद्याचा तो शब्द महत्त्वाचा आहे.

आपल्या लोकांना या यादीतलं खरं जड जाणारं कलम वेगळंच आहे आणि ते कोणी सांगत नाही. फसवणूक, खोटी माहिती, दुसऱ्याची ओळख वापरणं, मनी लाँडरिंग आणि इमिग्रेशनचे गुन्हे. आपला माणूस चाकू घेऊन दरोडा घालायला जात नाही हो, पण कुणाच्या तरी नावाने क्रेडिट कार्ड, कागदोपत्री लग्न, कॅशचा गोंधळ, यात अडकलेले बघितलेत. वेल्फेअरचा फ्रॉड आणि न वटलेला चेक हे दोन मात्र त्या कलमातून वगळलेत. आणि एक राखीव दरवाजा टीएसएने स्वतःकडे ठेवलाय: यादीत नसलेला पण गंभीर गुन्हा, भरपूर गुन्हे, किंवा सलग 365 दिवसांपेक्षा जास्त तुरुंगवास, मग तो परदेशातला का असेना, यावरून ते नाही म्हणू शकतात.

मग लोक अडकतात कुठे? माझ्या बघण्यात यादीपेक्षा जास्त लोक पत्रात अडकतात. होतं असं की एफबीआयच्या रेकॉर्डवर अटक चढते, पण केसचं पुढे काय झालं ते कोर्टाकडून वर गेलेलंच नसतं, त्यामुळे टीएसएला तुमची डिसमिस झालेली केस उघडी दिसू शकते. मग ते एक पत्र पाठवतात, की प्राथमिक निष्कर्षानुसार तुम्ही अपात्र आहात. बापरे, इथेच माणूस खचतो, पत्र ड्रॉवरमध्ये टाकतो, आणि दुसरी नोकरी बघतो. खरं तर ते नकाराचं पत्र नाही, ते विचारतायत. उत्तर द्यायला 60 दिवस असतात, त्या मुदतीत लेखी मागितलं तर वाढवूनही मिळतात. रेकॉर्ड चुकीचं असेल तर अपील करायचं, म्हणजे केसचा निकाल काय लागला ते सांगणारा कोर्टाचा सर्टिफाईड डिस्पोझिशन कागद पाठवायचा, बास. रेकॉर्ड बरोबर असेल आणि गुन्हा खरंच घडला असेल तर अपील नाही, वेव्हर म्हणजे वर म्हटलेली माफी मागायची, त्यात त्या वेळची परिस्थिती काय होती, भरपाई दिली का, नंतर आयुष्य कसं गेलं, मालकाची पत्रं, हे सगळं लावायचं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, अपीलमध्ये रडगाणं लिहून उपयोग नाही. पण 60 दिवस नुसते घालवले की तोच निष्कर्ष पक्का होतो, आणि हे निस्तरणं मग फार कटकटीचं.

म्हणून तुम्ही उलट्या क्रमाने जा. अर्ज करायच्या आधीच न्यू जर्सीच्या त्या कोर्टाच्या क्लार्ककडून सर्टिफाईड डिस्पोझिशन मागवा, फोन करून, पोस्टाने येतं. एफबीआयकडून स्वतःचं रेकॉर्डही मागवता येतं, 18 डॉलर लागतात, मला वाटतं हे पैसे वसूल आहेत कारण टीएसएला दिसणार आहे त्यातला मोठा भाग तुम्हाला आधी दिसतो.

रास्ता रोकोचं म्हणाल तर बेकायदा जमाव जमवणं हा काही या यादीतला गुन्हा नाही, केसही मागे घेतलीय, पण 'मागे घेतली' हे तुम्हाला कुणी सांगितलं? गावातल्या पुढाऱ्याने की कोर्टाने? आपल्याकडे सरकार घोषणा करतं आणि केस कोर्टात तशीच तारखांवर चालू राहते, आरोपी हजर नाही म्हणून वॉरंट निघतं आणि माणूस इकडे अमेरिकेत मजेत. तालुक्याच्या कोर्टातून आदेशाची नक्कल कुणाला तरी काढायला लावा, इंग्रजी भाषांतर करून ठेवा. वॉरंटवर कार्ड अडतं ते यादीतल्या गुन्ह्यासाठी असेल तर, तुमचं तसं नाही, पण उद्या सिटिझनशिपच्या वेळी हाच कागद लागेल. आणि फॉर्मवर जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, लपवण्यासारखं तुमच्याकडे काही नाहीच, लपवलंत तर मात्र होईल.

ग्रीन कार्ड असल्यामुळे इमिग्रेशनच्या भागाची काळजी नाही. कुणी एच-1बी वर असेल तर त्यांनाही चालतं. एफ-1 वाल्या विद्यार्थ्यांना मात्र साधारणपणे नाही, मर्चंट मरीन अकॅडमीत शिकत असतील तर गोष्ट वेगळी.

नावाचं बघा बरं का! आपलं मधलं नाव वडिलांचं, ते ग्रीन कार्डवर पहिल्या नावाला चिकटलेलं, लायसनवर गायब, सोशल सिक्युरिटीवर तिसरंच काहीतरी. अर्जातलं नाव आणि दाखवायच्या कागदावरचं नाव अक्षरशः एकच पाहिजे, नाहीतर सेंटरवरूनच परत पाठवतात. ऑनलाइन फॉर्म भरताना ग्रीन कार्ड समोर धरून भरा.

बाकी प्रोसेस सोपी आहे. ऑनलाइन भरून अपॉइंटमेंट घ्यायची, सेंटरवर फोटो आणि ठसे, फी साधारण सव्वाशे डॉलर, कार्ड 5 वर्षं चालतं. हॅझमॅट म्हणजे धोकादायक माल वाहायची लायसनवरची परवानगी घ्यायचा विचार असेल तर सांगतो, त्याची तपासणी हीच आहे, एक झालेलं असेल तर दुसऱ्याची फी कमी लागते. कामावर रुजू व्हायच्या किमान 60 दिवस आधी अर्ज करा असं टीएसए सांगते, पुष्कळांचं त्याआधीच येतं, पण तुमच्यासारखी जुनी अटक असेल तर आधीच करा. विमानतळावर प्रीचेकच्या म्हणजे झटपट तपासणीच्या लायनीतही या कार्डमागचा नंबर ग्रीन कार्डवाल्यांना चालतो, तिकीट काढताना टाकायचा. एवढे पैसे घेतात तर तेवढं तरी वापरा.

आता कार्ड हातात आलं म्हणजे गेट उघडलं असं समजू नका. बार्बर्स कट असो की बेपोर्ट, ही ह्यूस्टनची कंटेनर टर्मिनल्स, आत कुणाला घ्यायचं ते टर्मिनल ठरवतं, त्यांचं स्वतःचं रजिस्ट्रेशन वेगळं. बऱ्याच ठिकाणी कार्ड मशीनमध्ये न घालता गार्ड नुसतं बघून पुढे सोडतो. 2011 मध्ये अमेरिकन संसदेच्याच लेखापरीक्षण संस्थेने आपली माणसं बनावट कार्ड देऊन पाठवली होती आणि ती काही पोर्टमध्ये आत गेलीसुद्धा. त्यामुळे सुरक्षेला याचा किती उपयोग यावर माझं मत फार चांगलं नाही, पण गरिबाची नोकरी अडवायला पुरेसं आहे. तुम्ही न्यू जर्सीत राहिला असाल तर ऐकलं असेल, तिकडे डॉकवरच्या कामगारांना याच्यावर 1953 पासूनच्या वॉटरफ्रंट कमिशनची वेगळी तपासणी होती, ते कमिशन 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिकडून गेलं.

आता मावसभाऊ. परदेशी जहाजावरच्या खलाशाला ट्विक लागत नाही. त्याचं सी1-डी म्हणजे खलाशांचा व्हिसा, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणी-पुस्तक आणि पासपोर्ट यावर चालतं, आणि आपल्या सरकारने 2019 मध्ये सुरू केलेलं बायोमेट्रिक सीफेअरर कार्ड वेगळं, त्याचा इथल्या गेटशी संबंध नाही. व्हिसा नसेल तर जहाजावरून उतरूच देत नाहीत, एजंट कितीही गोड बोलला तरी. व्हिसा असेल आणि इमिग्रेशनवाल्यांनी शोअर लीव्ह म्हणजे किनाऱ्यावर उतरायची परवानगी दिली तर जहाजापासून गेटपर्यंत एस्कॉर्टने यायचं. पूर्वी काही टर्मिनलवाले यासाठी खलाशांकडून वाटेल ते पैसे घ्यायचे, आता 2019 च्या नियमाने ही सोय वेळेत आणि फुकट द्यावी लागते, कुणी पैसे मागितले तर कॅप्टनला सांगायला सांगा. तुम्हाला भेटायचं असेल तर नवीन ट्विक खिशात आहे म्हणून जहाजाकडे गाडी वळवू नका, तुमचं काम कंटेनर उचलण्यापुरतं आहे, गँगवेपर्यंत म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपर्यंत जायला वेगळी परवानगी. त्याला सीफेअरर्स सेंटरच्या म्हणजे खलाशांच्या मदत केंद्राच्या व्हॅनने गेटबाहेर येऊ द्या आणि तिथेच भेटा, डबा न्यायचा असेल तर तोही तिथेच द्या.