वस्तूबद्दल माणसाला काय वाटतं, ते खरंच मोजता येतं का?

तुम्ही विचारलंय की औद्योगिक डिझाइनमध्ये सौंदर्य आणि भावना यांवर संशोधन चालतं म्हणतात, ते खरं शास्त्र आहे की माल खपवायची भाषा. खरं शास्त्र आहे. माल खपवणारे त्याची वाट लावतात, हेही खरं. मी रागाने लिहितोय, कारण याच प्रश्नावरून माझं एका माणसाशी झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

२०११ साली मी मुंबईत घरगुती उपकरणांच्या एका कंपनीत डिझायनर होतो. मूळचा कुडाळजवळचा. नारळ खवण्याचं यंत्र करायचं ठरलं, तेव्हा काम आपसूक माझ्याकडे आलं. बाजूला फिरवायची मूठ, आत घुमटासारखं दातेरी पातं, सोय, म्हणजे खवलेलं खोबरं, उडू नये म्हणून वर झाकण, आणि ओट्याला घट्ट चिकटणारी रबरी बैठक. देखणं होतं, आजही म्हणेन. ११ नमुने घेऊन गावी गेलो, ११ घरांत दिले आणि आठवड्याने फॉर्म भरून घेतले. दिसायला कसं, वापरायला कसं, समाधान किती, एक ते पाच. सरासरी ४.३ आली.

मग गणपतीला घरी गेलो. मोदकांची तयारी चाललेली, काकीच्या पुढ्यात नारळांचा ढीग. माझं यंत्र धुऊन-पुसून, फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेलं, आणि काकी खाली आडाळ्यावर, म्हणजे खवणी लावलेल्या विळीवर, बसलेली.

मी तिथेच बसून बघत राहिलो. दोन्ही हातांत अर्धी वाटी, आणि नजर दारात बसलेल्या शेजारणीकडे. नारळाकडे बघतच नव्हती. खोबरं असेपर्यंत मऊ खरखर यायची. करवंटी जवळ आली की आवाज जरा कोरडा व्हायचा आणि त्याच क्षणी तिचे हात वाटी अंगठाभर फिरवायचे. बोलणं मध्ये तुटत नव्हतं. खाली ताटात पडलेली सोय पांढरीशुभ्र, त्यात एकही तपकिरी कण नाही.

मी विचारलं, यंत्र का नाही काढलंस? "बरां आसा रे झिला," ती म्हणाली. मी हटलो नाही, तेव्हा खरं बाहेर आलं. "तुझ्या मशिनीत माका कायच दिसणा नाय. सोय धवी जावक व्हयी." म्हणजे सोय पांढरी व्हायला हवी. मग फॉर्मात चार गुण कसे दिलेस? "तू एवढ्या लांबसून घेवन इलंस, वायट कसां सांगू?"

झाकणाने तिचे डोळे झाकले होते आणि आवाजही दाबला होता. शांत चालतं म्हणून आम्ही ज्याची फुशारकी मारत होतो, त्यानेच तिचं कसब काढून घेतलं होतं.

मुंबईला परतून हे सांगितलं, तर आमचे साहेब म्हणाले, "एका बाईसाठी ११ घरांचा डेटा फेकायचा?" यंत्र तसंच बाजारात गेलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठातले पीटर डेस्मेट आणि पॉल हेकर्ट यांनी २००७ साली वस्तूच्या अनुभवाचे तीन पदर मांडले: इंद्रियांना मिळणारं सुख, वस्तूला आपण लावतो तो अर्थ, आणि भावना. यात सौंदर्य फक्त डोळ्यांचं नाही. कान, हात, सगळं त्यात येतं. काकीची ती खरखर सौंदर्यातच मोडते. आणि डेस्मेटच्या मांडणीतली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की भावना वस्तूत भरलेली नसते. माणसाचा जीव कशात अडकलाय आणि वस्तू त्याला हात देते की आडवी येते, यावर ती ठरते. काकीचा जीव पांढऱ्या सोयीत होता. आमच्या फॉर्मात तो प्रश्नच नव्हता.

मोजण्याचं म्हणाल तर डेस्मेटनेच प्रेमो नावाचं साधन केलं. त्यात शब्द नाहीत. १४ भावना दाखवणारं एक कार्टून पात्र आहे, सात सुखद, सात त्रासदायक. वस्तू बघून आपल्या मनाशी जुळतं ते निवडायचं. हे का लागलं, ते आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. "बरां आसा" म्हणजे पाचपैकी चार नव्हे. पाहुण्याने आणलेल्या वस्तूला आम्ही तेवढंच म्हणतो. आकडा लिहिला म्हणून भिडस्तपणाचं मत होत नाही, साहेब.

दिसण्याला काहीच किंमत नाही, असं मात्र समजू नका. जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा यांनी १९९५ साली एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. ज्या सुंदर वाटल्या, त्याच वापरायला सोप्याही वाटल्या. पण ते 'वाटणं' होतं, प्रत्यक्ष सोपेपणाशी त्याचं नातं खूपच कच्चं निघालं. आमचे ४.३ असेच आले असणार: नवं, चकचकीत, आठवडाभराचं.

तुम्ही या क्षेत्रात उतरणार असाल तर फॉर्म घ्या, प्रेमोही वापरा, पण महिन्याभराने त्या घरी परत जा. वस्तू कुठे ठेवलीय ते बघा. फळीवर की हाताशी? कामाच्या गर्दीत जा, सणाला जा. आणि जे फॉर्म भरून घेतात त्यांनी वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा टी-शर्ट घालून जाऊ नये. मी घालून गेलो होतो.

एक सांगायचं राहिलं. आडाळा म्हणजे स्वर्ग नव्हे. बोटं कापतात, आणि माझ्या आईला आता गुडघ्यांमुळे खाली बसताच येत नाही. ती तेच यंत्र उभ्याने वापरते, पण झाकण काढून. झाकण मी स्वतः काढून दिलं. सोय थोडी उडते, तिची काही तक्रार नाही.

ते ११ फॉर्म अजून माझ्याकडे आहेत. काकीच्या फॉर्मावरचा चारभोवतीचा गोल मी काढलेला आहे. तिचे हात ओले होते, म्हणून तिने मला सांगितलं, "तूच लिही काय ता."